सावंत काकांनी मुलाची गाडी पुसली

सकाळपासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून तुम्हालाच सांगतेय.

आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत पाइप लावून गाडी धुवायला बंदी आहे. मी अर्ध्या बादलीत गाडी पुसायचं खास लिक्विड थोडं टाकते आणि मऊ कपडा त्यात भिजवून गाडी पुसते. वरून पाणी मारावं लागत नाही. शेजारच्या सावंत काकांनी हे माझ्याकडून हौसेने शिकून घेतलं. मुलाची, निखिलची, काळी गाडी त्यांना चमकवायची होती.

आज त्यांनी ती पुसली. अगदी हलक्या हाताने, झकास.

निखिल खाली आला आणि बॉनेटवरच्या ओरखड्यावर बोट ठेवून ओरडला, "बाबा, तुला कोणी सांगितलं हात लावायला? एक काम धड जमत नाही!"

वॉचमनसकट सगळे बघत होते.

मी म्हटलं, "अरे, हा ओरखडा जुना आहे. मी गेल्या आठवड्यातच पाहिलाय."

"ताई, तुम्ही मध्ये पडू नका." मग वडिलांकडे वळून म्हणाला, "सॉरी म्हण. सगळ्यांसमोर."

"सॉरी," काका म्हणाले. "माझ्याच हातून झालं."

निखिलने ती चकचकीत गाडी स्वतः पुन्हा पुसली. काकांना बादली धरून उभं केलं.

तो निघून गेल्यावर मी चिडून विचारलं, "काका, खोटं कशाला बोललात?"

कपडा पिळत ते म्हणाले, "बाय, तू माझी बाजू घेतलीस की घरात मला दुप्पट ऐकावं लागतं. पुढच्या वेळी गप्प राहशील ना?"

मी 'हो' म्हटलं. तुम्ही काय म्हटलं असतं?