बकऱ्यांनी ओळखायचा आवाज

"डोळे मीट आधी. आवाज काय डोळ्यांनी घेतात?"

गिऱ्हाइकाने भिंतीवरच्या चकचकीत सायलेन्सरकडे बोट दाखवलं की चाचा असं म्हणायचे आणि आपला तेलकट पंजा स्वतःच त्याच्या डोळ्यांवर ठेवायचे. पांढराशुभ्र पायघोळ दिशदाशा घातलेला अर्बाब, म्हणजे इथला मालक, असो की सिमेंट वाहणारा पठाण, सगळे निमूट उभे राहायचे. मग चाचा एकेक सायलेन्सर गाडीला तात्पुरता लावून आवाज ऐकवायचे. ओमानमधल्या ह्या इब्राच्या बाजारात कपाळावर काळा डाग घेऊन फिरणारा माणूस दिसला, की समजायचं, हा पिकअपला नवीन सायलेन्सर बसवून आला.

ते रत्नागिरीकडचे. नात्याने आमचे कोणी नव्हते, पण सगळी सनाया, म्हणजे इथली गॅरेजांची वस्ती, त्यांना चाचा म्हणायची, म्हणून मीही म्हणायची. आमची खोली त्यांच्या गॅरेजच्या मागच्या गल्लीत. दुपारचा डबा मी करून द्यायची. तांदळाची भाकरी, सुकट, कधी कालवण. शटरपाशी स्टुलावर डबा ठेवायचा आणि मागे न बघता निघायचं, एवढंच माझं काम. परक्या माणसांसमोर माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही.

"ही बघा माझी सगळ्यात चांगली फिटिंग," चाचा बसलेल्या माणसांना सांगायचे. "चालू आहे की बंद, कळत नाही!"

सगळे हसायचे. मीही गल्लीत वळल्यावर हसायची.

आमचे हे एका अर्बाबची पिकअप चालवतात. आठवड्यातून तीन दिवस भाजी घेऊन दुक्मला जायचं, चार तास वाळवंटातून सरळ रस्ता. बाकीचे दिवस इब्रातच, संध्याकाळी अर्बाबच्या वाडीवर बकऱ्यांना चारा टाकायचा. जुना सायलेन्सर गंजून गळून पडला, तेव्हा अर्बाब स्वतः चाचांकडे आला. त्याची मागणी ऐकून चाचा खूष झाले. गाडीचा आवाज असा हवा, की वाडीच्या फाटकापासून बकऱ्यांनी ओळखावा आणि पळत यावं. दुसऱ्या कोणाच्या पिकअपला पळू नये.

तुम्ही माणसांसाठी गाडी सजवलेली पाहिली असेल. बकऱ्यांसाठी सायलेन्सर निवडणारे दोन म्हातारे मी तेवढेच पाहिले. अख्खी दुपार दोघे डोळे मिटून उभे. एकाचा आवाज फार घोगरा, एकाचा कावळ्यासारखा. शेवटी चाचांनी पाईप मध्येच कापला, छोटा सायलेन्सर लावला आणि तोंड बाजूला, दाराच्या खाली वळवलं. गाडी ढोलासारखी घुमली. अर्बाबने चाचांचं कपाळ चुंबलं. दुसऱ्या आठवड्यापासून बकऱ्या खरंच फाटकाशी येऊन उभ्या राहू लागल्या. चाचा येईल त्याला ही गोष्ट सांगायचे आणि दर वेळी चार बकऱ्या वाढवायचे.

त्याच सुमारास ह्यांचं डोकं दुखायला लागलं. दुक्महून आले की जेवण नको, उजेड नको. एकदा दारातच उलटी झाली. एकदा म्हणाले, "आज डोळा लागला गं. जाग आली तेव्हा एक चाक वाळूत होतं."

त्या दिवसापासून माझी झोप गेली.

अर्बाब मनाने चांगला. तो म्हणाला, नजर लागली. इथे घरोघर लोबान जाळतात, चांगल्यातला लोबान त्याने आणून दिला. हे रोज पहाटे काचा बंद करून गाडीत लोबानचा धूर करायचे आणि मग निघायचे. गाडीला मशिदीसारखा सुवास यायचा. डोकं मात्र दुखायचंच.

कपडे मी हाताने धुते. एकदा शर्ट पाण्यात बुडवण्याआधी नाकाशी धरला. वर लोबान होता. त्याच्या खाली दुसरा वास होता, बिघडलेल्या स्टोव्हसारखा. मी इब्रातल्या दिवसांचा शर्ट हुंगला, त्याला तो नव्हता. इब्रात हे काचा उघड्या ठेवून चालवतात. दुक्मला जाताना एसी लावून बंद.

दोन दिवस मी गप्प राहिले. चौथी शिकलेल्या बाईने गाडीबद्दल काय बोलायचं, तेही चाचांच्या हातच्या कामाबद्दल? चौथ्या दिवशी परत दुक्मची फेरी होती. आदल्या दुपारी मी स्टुलावर डबा ठेवला आणि निघालेच नाही.

"काय गं बाय? मीठ घालायला विसरलीस म्हणून थांबलीस?"

"चाचा, गाडीचा धूर ह्यांच्या शर्टात येतो."

ते हसले. "धूर मागे जातो, बाय. शर्ट पुढे असतो."

माझे कान तापले. तरी मी बोलले, "काचा बंद असतात त्याच दिवशी डोकं दुखतं. इब्रात असले की दुखत नाही." आणि पिशवीतून शर्ट काढून दिला.

चाचांनी हातातली भाकरी खाली ठेवली, हात पुसले. शर्ट नाकाशी धरून डोळे मिटले.

त्यांनी लगेच गाडी मागवली. पाईपच्या तोंडात ओला फडका कोंबला, सांध्यांना साबणाचं पाणी लावलं. कुठे बुडबुडा आला नाही, म्हणजे पाईप फुटलेला नव्हता. मग ड्रायव्हरच्या पायाखालची चटई उचलली. गाडीच्या तळाला एक भोक होतं. त्यावरचं रबराचं बूच कधीच पडलेलं, आणि बरोबर त्याच्या खाली चाचांनी वळवलेलं पाईपचं तोंड.

"आवाज ऐकत बसलो," ते म्हणाले. "हवा कुठे जाते ते बघितलंच नाही."

अर्बाब आला तेव्हा चाचांनी बूच पडल्याची गोष्ट आधी सांगितली नाही. आधी म्हणाले, "अर्बाब, गलती मेरा है. ये आदमी मर जाता." नवा पाईप पार मागे, शेपटापर्यंत न्यावा लागेल, कंपनीसारखा साधा मोठा सायलेन्सर लागेल, तो आवाज आता येणार नाही, हेही सांगितलं.

अर्बाबने ह्यांच्याकडे बघितलं, मग गाडीकडे. "बकरी नया आवाज सीखेगा," तो म्हणाला. "आदमी नया किदर से आयेगा? यल्ला, काटो."

त्या दिवशी चाचांनी कोणाला हात लावू दिला नाही. बूच बसवलं, पाईप मागे नेला, पुन्हा पुन्हा खाली निजून बघितलं. डबा तसाच परत आला. नवीन आवाज इतका साधा होता, की बकऱ्या पंधरा दिवस जागच्या हलल्या नाहीत. अर्बाब फाटकात उभा राहून "हूश, हूश" करत त्यांना बोलवायचा. हे ती नक्कल करून दाखवायचे. एकदा नक्कल बघताना माझ्या लक्षात आलं, आज दुक्मचा दिवस होता आणि हे दोन भाकऱ्या खाऊन हसतायत. मी उठून तिसरी टाकली.

चाचा त्यानंतर बकऱ्यांची गोष्ट सांगेनासे झाले. गिऱ्हाइकाचे डोळे मिटायला लावण्याआधी स्वतः गाडीखाली शिरायचे. दुक्मच्या फेरीनंतर मी डबा ठेवला की एकच प्रश्न, हळू आवाजात, "काल काचा बंद होत्या?"

मी होकाराची मान हलवायची.

"मग?"

"बरे आहेत."

मग ते डबा उघडायचे.

गेल्या वर्षी ते कायमचे गावी गेले. गुडघे गाडीखालून उठू देत नव्हते. गॅरेजात आता टायरवाला आहे, दुपारी मी त्या गल्लीने जात नाही. निघताना मला त्यांच्या पाया पडायचं होतं, पण चार माणसं उभी होती, मी शटरपाशीच राहिले. हे त्यांना आमच्या पिकअपमधून मस्कतच्या विमानतळावर सोडायला गेले.

दुपारी ह्यांचा फोन आला. "चाचा आत गेले."

"वाटेत काही बोलले?"

"काही नाही. इब्रापासून मस्कतपर्यंत सगळ्या काचा बंद ठेवायला लावल्या. पायाखालची चटई काढून मागे टाकली. मला गाणीसुद्धा लावू दिली नाहीत, नाक वर करून बसले होते नुसते. उतरताना म्हणाले, बायला सांग, माझं डोकं दुखत नाही."