मिक्सरच्या वरचा बझर

दादा गेला तेव्हा काहीच वाजलं नाही. सव्वा महिना झाला, तरी मला त्याचीच धास्ती वाटते. सकाळी चहा घेऊन खोलीत गेले. ऑक्सिजनचं मशीन नीट चालू होतं, नळी जागेवर होती... दादा नव्हता. डॉक्टर म्हणाले, "मशीनला हवा कळते हो, माणूस नाही कळत."

वसंतदादा माझा थोरला भाऊ. लालबागला गल्लीच्या तोंडाशी त्याचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. घरात आम्ही दोघंच. अचानक आवाज झाला की माझा जीव दडपतो, लहानपणापासून. नवं वॉशिंग मशीन पहिल्यांदा बोंबललं आणि माझ्या हातातलं आमटीचं पातेलं पडलं. दादाने स्क्रू-ड्रायव्हर काढला. "आरडतंस कित्याक? हळू सांग मां," असं त्या मशीनलाच दरडावून त्याने बझरच्या भोकावर चिकटपट्टीचे तीन थर लावले. मग इंडक्शन, फ्रिज, इन्व्हर्टर... एकेकाचा आवाज त्याने बसवला. शेजारची सरिता हसायची, "मावशी, तुमची मशीनं पण पाहुण्यांसारखी बोलतात."

गेल्या वर्षी दादाची फुप्फुसं थकली आणि ऑक्सिजनचं मशीन आलं. मी सोळा कलमांची यादी करून भिंतीला लावली. नळी तपासणे, पाणी बदलणे, जादा सिलिंडर, डॉक्टरांचा नंबर. शेवटचं कलम लाल शाईत: अलार्मला हात लावू नये.

"हेका हात लावचो नाय हां, दादा."

"बाय, तू घाबारतंस म्हणान..."

"घाबरले तर घाबरले."

एका दुपारी मी मिक्सरवर वाटप काढत होते. अचानक डोक्यावर, मसाल्याच्या फळीवरून, असा कर्कश आवाज फुटला की मी किंचाळलेच. तशीच खोलीत धावले. नळी दादाच्या कुशीखाली दबली होती. ओढून मोकळी केली. ओठ निळसर, डोळे दाराकडे लागलेले. श्वास परतल्यावर त्याने पहिलं विचारलं, "बाय, तुका आयकाक इला मां?"

फळीमागे नवा बझर होता. मशीनपासून छताच्या कडेने वायर आणलेली. मी भायखळ्याला भाजीला गेले असताना, दम खात खात त्याने ते काम उरकलं होतं. स्टूल सरिताने धरलं होतं. "मामा म्हणाले, मिक्सर चालू असला की हिला खोलीतलं काही ऐकू जात नाही. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली."

माझ्या सोळा कलमांत मिक्सर नव्हता. आणि दादालाही भीती वाटते, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. त्या दिवसापासून मी मिक्सर मध्येच थांबवून कान द्यायची. बझर असूनही.

मशीन परत गेलं, बझर राहिला. आता घरात मी एकटी. न्हाणीत पाय घसरला तर... हे वाक्य मला पुरं करवत नाही. मागच्या रविवारी इलेक्ट्रिशियन बोलावून तो बझर सरिताच्या स्वयंपाकघरात लावून घेतला, बटण माझ्या न्हाणीत. तो गेल्यावर दाबून पाहिलं. सरिता पिठाच्या हातांनी धावत आली.

"काय झालं मावशी?"

"काही नाही गं. आता तू मिक्सर लाव. मी परत दाबते."