चहाला आलेल्या बायका

मानसशास्त्रात एम. ए. झाल्यावर मी संशोधनाला विषय घेतला तो घरातल्या मारहाणीचा. मार खाणाऱ्या बायका आणि तो बघत वाढलेली मुलं. पुण्यातल्या माझ्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "मोडून गेलेल्यांवर पुष्कळ लिहिलं गेलंय. तू न मोडलेल्यांना भेट. ते कशाच्या जोरावर तगले ते बघ." सत्तरचं दशक तेव्हा निम्मं सरलं होतं. मी शिरूर गाठलं, कारण माझं आजोळ जवळच कवठे येमाईला, आणि तिथली बोली माझ्या कानाला घरची होती. आमच्याच समाजाच्या वस्तीत, विहाराला लागून राहणाऱ्या एका म्हातारीनं मला खोली दिली. सगळी वस्ती तिला आक्का म्हणायची, मीही म्हणू लागले.

सुरुवातीला कुणी माझ्याशी बोलेना. पाण्यापावसाच्या गप्पा भरपूर व्हायच्या, पण "घरात मारतात का?" असं विचारलं की बाईला चुलीवरची भाकरी आठवायची आणि ती उठून जायची.

एका दुपारी आक्का आणि मी ओट्यावर मेथी निवडत होतो. पलीकडच्या घरात काहीतरी आदळलं आणि पुरुषाचा आवाज चढला. आक्कानं मेथी बाजूला सारली.

"ऊठ गं. चहाला जायचंय."

"आत्ता? कुणाकडं?"

"चल, म्हंजी कळंल."

बाहेर आलो तर दारादारातून बायका निघत होत्या. एकीच्या हाताला पीठ, एकीच्या काखेत पोर. कुणी दार वाजवलं नाही, सगळ्या सरळ आत. घरातला माणूस मार्केट यार्डात मापाडी होता. बाहेर सगळ्यांशी गोड बोलणारा. आत्ता त्याच्या हातात पट्टा होता. बायको भिंतीला टेकलेली, आणि पंधराएक वर्षांची मुलगी आईच्या पुढं हात पसरून उभी.

आक्का जमिनीवर मांडी घालून बसली. बाकीच्याही बसल्या.

"जावईबापू, चहा टाका," आक्का त्याची सासू असल्यासारखी म्हणाली.

"आक्का, हा आमच्या घरातला मामला हाय."

"व्हय. म्हनून तर घरात आलो."

बायको उठायला लागली तर शेजारणीनं तिला दंडाला धरून खाली बसवलं. शेवटी पट्टा खुंटीला गेला आणि त्यानं स्टोव्ह पेटवला. बायका मजेत बसल्या होत्या. कांदा काय भावानं गेला, कुणाची शेळी व्याली. चहा आला. एक जण घोट घेऊन म्हणाली, "साखर कमी पडली वो." त्यानं मुकाट्यानं साखरेचा डबा पुढं केला. मी पदर दातात धरला. मुलीनं ते पाहिलं आणि तिलाही हसू आवरेना. मग तिची आई हसली. डोळे सुजलेले, आणि हसतेय. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

घरी परतताना मी आक्काला विचारलं, "हे कुणी सुरू केलं?"

"मीच की." ती थोडं चालली. "माझ्या टायमाला कुनी आलं न्हाई. दाराबाहीर उभ्या ऱ्हाऊन ऐकायच्या बायका. त्यांचा राग न्हाई मला, त्याबी भ्यायच्या. पन तवाच ठरवलं, आपल्याला जमंल तवा आपून आत जायचं."

त्या दिवसानंतर वस्तीत माझ्याशी सगळ्या बोलू लागल्या. मीही त्यांच्याबरोबर चहा पिऊन आले होते.

चहानं तो माणूस सुधारला, असं मात्र झालं नाही. बायका एका लग्नाला गावाबाहेर गेल्या असताना त्यानं बायकोचं मनगट मोडलं. त्या परतल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच तिला आणि मुलीला घेऊन एसटी स्टँडवर गेल्या. तिचा भाऊ दौंडला रेल्वेत फिटर होता. नवरा स्टँडवर आलाच. मायलेकींना आत बसवून बायका गाडीच्या दारापुढं उभ्या राहिल्या, एकमेकींना खेटून. कंडक्टरनं सगळ्यांकडं एकदा पाहिलं आणि घंटी ओढली. गाडी फाटकाबाहेर पडली तशी आक्का खालीच बसली आणि तंबाखूची चंची सोडली.

पुढच्या वर्षी निरोप आला की मुलगी मॅट्रिक पास झाली, सगळ्यांनी दौंडला या. बायका शिरूरहून एसटीनं आल्या, मी पुण्याहून पॅसेंजरनं. भावाच्या क्वार्टरशेजारी आईनं छोटी खानावळ काढली होती. गार्ड आणि ड्रायव्हर जेवायला येत. तिचं मनगट वाकडं जुळलं होतं, पण आता आवाज परातीवर ठोका पडल्यासारखा. "बसा, बसा," म्हणत ती सगळ्यांना पुरणपोळी वाढत सुटली.

जेवणं झाल्यावर मी मुलीजवळ बसले. किती दिवस जपून ठेवलेला प्रश्न विचारला, "तिकडचं आठवतं तेव्हा काय दिसतं गं?"

तिनं विचार केला. "बाबांचा हात दिसतो वर उचललेला. ते काय जात न्हाई, ताई. पन त्यांच्या मागं दार दिसतं, आन् तुम्ही समद्या आत येताना दिसता. मग पुढचं भ्याव न्हाई वाटत."

तिचं हे वाक्य मी पुढं प्रबंधात जसंच्या तसं घातलं. परीक्षकांनी त्यावरच सगळ्यात जास्त वेळ बोलायला लावलं मला.

तेवढ्यात अंगणात फुगड्या सुरू झाल्या. आक्का टाळ्या वाजवत होती. मुलीनं मला ओढलं, आणि ती दमल्यावर तिची आई आली. तिनं धडक्या हातानं माझं मनगट घट्ट धरलं, वाकडा हात मी अलगद घेतला, आणि आम्ही फिरलो. माझा अंबाडा सुटला, चप्पल कुठंतरी उडाली. जेवायला आलेले गार्ड ताटं घेऊन भिंतीकडं सरकले. त्यातला एक म्हातारा बराच वेळ थांबून म्हणाला, "बाई, भाकरी मिळंल का?"

ती फिरता फिरताच म्हणाली, "घ्या तुमच्या हातानं. आज मी पाव्हनी हाय."