भामाच्या टेबलावरचे चार प्रिंटर

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत अनिरुद्धराव ऑडिटरांचं ऑफिस आहे, आणि त्या ऑफिसात भामाला कुणी कधी खिजगणतीत धरलं नाही. वर्षानुवर्षं टायपिंग केलं, डबा खाल्ला, घरी गेली. येणारा जाणारा तिच्या टेबलाला वळसा घालून साहेबांकडे जायचा. मग आले ते प्रिंटर.

आले म्हणजे, होतेच. चार जुने, जो तो एकेका संगणकाला बांधलेला. एकाची शाई संपली की पेन ड्राइव्ह घेऊन ऑफिसभर नाचायचं. शेवटी साहेबांनी दुकानातून विघ्नेशला बोलावलं. तो म्हणाला, यांना नेटवर्कची वायर लावायची सोयच नाही. चौघांनाही एकाच संगणकाला जोडू, तिथून सगळ्यांना वापरता येतील. भामाचा संगणक मधोमध होता म्हणून तो निवडला. एवढंच कारण, बरं का!

"एक लक्षात ठेवा मॅडम," विघ्नेश जाताना म्हणाला. "हा संगणक चालू असला पाहिजे. बंद झाला की कुणाचंच प्रिंट निघणार नाही."

भामाने ऐकलं ते असं, की भामा असली पाहिजे.

झालं! बाई हवेत. सकाळी सगळ्यांच्या आधी हजर, संध्याकाळी सगळ्यांच्या मागून निघायची. मी नसले तर ऑफिस ठप्प, हे फुलवालीलासुद्धा सांगून झालं. कुणी कागद न्यायला आला की "थांब, देते" म्हणायची, जसं काय घरचं लोणचं वाढतेय.

सप्टेंबरात, ऐन कामाच्या घाईत, तिरुवैयारुहून भाच्याचा, सेतुमाधवचा फोन आला. त्याची आई, म्हणजे भामाची थोरली बहीण विशालाक्षी, अंथरुणाला खिळली होती. दोघींची आई गेल्यावर हिनेच भामाला वाढवलं. लोकांच्या मुलांना गाणं शिकवून तिला टायपिंगच्या क्लासला घातलं. सेतुमाधव तमिळमध्येच बोलला. मराठी त्याला कळते, जिभेवर येत नाही.

"अम्मा सारखी तुझंच नाव घेते. म्हणते, भामाशी आपल्या मराठीत पोटभर बोलायचंय. या घरात आहे कोण मावशी, तिच्याशी बोलणारं?"

फोनवर भागत नव्हतं. अक्काला ऐकू येईना. कानाशी तोंड नेऊनच बोलावं लागे.

तिरुवैयारु काय लांब आहे? बसमध्ये बसलं की आलंच. पण भामा म्हणाली, "शनिवारी येते रे. मी उठले तर इथे कुणाचं पान हलायचं नाही." रजा मागितली असती तर साहेबांनी दिली असती. हिने मागितलीच नाही! शनिवार आला नि गेला. पुढचाही गेला.

पुन्हा फोन आला तेव्हा मात्र ती धावत सुटली. अक्काचे डोळे उघडे होते, वाचा गेली होती. भामा कानाशी वाकून बोलत राहिली. लहानपणचं, आईचं, काय काय. अक्काचे ओठ हलायचे, आवाज फुटत नव्हता. दुसऱ्या दिवशी ती गेली.

दिवसकार्य आटोपून भामा ऑफिसात आली ती धास्तावूनच. कागद तुंबले असतील, साहेब भडकले असतील. बघते तर चारही प्रिंटर खटाखट चालू. संगणकावर तमिळमध्ये चिठ्ठी चिकटवलेली, दिवसा बंद करू नये. तिची खुर्ची वायरींत अडकत होती म्हणून भिंतीला लावून ठेवलेली.

अनिरुद्धराव बाहेर आले. भला माणूस हो, तीच तर पंचाईत. "इतक्या लवकर कशाला आलीस गे भामा? इथे तुझ्यावाचून काही अडलं नाही. वॉचमन सकाळी येऊन बटण दाबतो, झालं."

आता कुणावर चिडायचं? विघ्नेशचं बोलणं तिला शब्दन् शब्द आठवलं. 'संगणक' म्हणाला होता तो, 'भामा' नव्हे. जळलं मेलं तिचं ऐकणं!

"अक्काशी बोलणं तरी झालं ना?" साहेबांनी हळू आवाजात विचारलं.

भामाने खुर्ची ओढून टेबलाशी आणली, पण बसली नाही.

"मी बोलले," ती म्हणाली. "तिचं राहिलं."