चितेवरचा मुद्देमाल

ती घटना आठवली की आजही मला एका जागी बसवत नाही. उठून अंगणात दोन फेऱ्या मारतो, तेव्हा कुठे जीव थाऱ्यावर येतो.

मी सातवी पास माणूस. शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार म्हणून रिटायर झालो. मधलं सगळं स्वतःच्या डोक्यानं केलं, त्याचा मला गर्व आहे. नोकरीची दोन-तीन वर्षं उरली होती तेव्हाची ही गोष्ट.

अकोल्यात जठारपेठेतल्या एका बंगल्याच्या आवारातलं चंदनाचं झाड चोरांनी कापून नेलं. पंधरा दिवस तपास ठप्प. साहेब रोज विचारायचे आणि मी रोज मान खाली घालायचो. मग माझ्या खबऱ्याचा फोन आला. शेजारच्या जिल्ह्यात, वलगावकडच्या एका खेड्यात एक लाकूडतोड्या आहे, झाड त्यानंच पाडलं, माल विकला, पण गाभ्याचा एक ओंडका अजून घरात आहे. आजच जा, म्हणाला.

दुसऱ्या जिल्ह्यात जाताना आधी तिथल्या ठाण्यात नोंद करायची असते. मी केली नाही. नोंद केली की बातमी फुटते, आणि आरोपी पकडल्याचं नाव त्यांचं होतं, असं माझं म्हणणं. साध्या कपड्यात निघालो. नोंद केली असती तर त्या गावात त्या दिवशी काय आहे, ते तिथंच कळलं असतं.

सोबतच्या शिपायाला गाडीपाशी ठेवून मी गावात शिरलो. दुकानं बंद. रस्ता झाडून सडा टाकलेला. आणि समोरून सगळं गाव चालत येत होतं, एक शब्द न बोलता, प्रत्येकाच्या हातात लाकूड. पोलिसाची अक्कल एकाच दिशेनं चालते. मला वाटलं खबर फुटली, आज हे आपल्याला चोपतात. भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. मग दिसलं, त्यात सत्तरीच्या बायाही आहेत. एका म्हातारीच्या हातात तर पऱ्हाटी होती, कपाशीचं वाळकं झाड. ती माझ्यापाशी थांबली.

"पाव्हणे दिसता. आमच्या गावचं पोरगं येऊन राहिलं सीमेवरून. शहीद झालं. घरटी एक लाकूड देतो आमी." तिनं आपली पऱ्हाटी मोडून अर्धी मला दिली. "खाली हातानं नोका जाऊ."

स्मशानात सैन्याची गाडी आली होती. तिरंग्यात गुंडाळलेला देह, शेजारी त्याची आई. लोक रांगेनं चितेवर लाकूड ठेवत होते. माझ्या पुढच्या माणसानं दुपट्ट्यात काहीतरी गुंडाळून आणलं होतं. त्यानं ते सोडून चितेवर ठेवलं आणि वास आला. चंदनाचा, ताज्या गाभ्याचा. मी माझी पऱ्हाटी ठेवली आणि त्याचं मनगट धरलं.

बाजूला कडुनिंबाखाली नेलं, कोण आहे ते सांगितलं. त्यानं हात सोडवायची धडपडही केली नाही. चौकशीत मी लोकांना तासन्‌तास बोलतं केलंय, इथं दोन प्रश्न पुरले. झाड तू पाडलंस का, तर हो. मग हा ओंडका काहून नाही विकला?

"तो अन्‌ मी एका बाकावर शिकलो, साहेब. चितेले चंदन पाहिजे म्हनतात. बाकी माह्या घरात त्याच्या लायक काय हाय?"

मी मनात ठरवून टाकलं, जळू द्या. कागदावर लिहू, मुद्देमाल मिळून आला नाही. नोकरीत पहिल्यांदा खोटं लिहिणार होतो, आणि खरं सांगतो, मला तेव्हा स्वतःचं फार कौतुक वाटलं.

तेवढ्यात शहिदाची आई उठून आली. "याचा हात कावून धरला?" तिनं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत त्यानंच मान खाली घालून सगळं सांगितलं.

ती तशीच चितेपाशी गेली, दोन्ही हातांनी तो ओंडका काढला. जवान एकमेकांकडे बघत राहिले, अडवलं कोणी नाही. तिनं तो माझ्या हातात दिला.

"ज्याचं हाय त्याले द्या. माह्या पोराच्या आंगाले चोरीचं लाकूड नोको." मग त्याच्याकडे वळली. "अन्‌ तू रे, तुह्या घरी पऱ्हाटी नाही का? जाय, घेऊन ये."

तो पळत गेला. पळून जाईल असं मला वाटलं नाही, पण पाय आपोआप दोन पावलं पुढे गेलेच. गाव थांबलं, सैन्याचे अधिकारीही थांबले. तो धापा टाकत आला, पऱ्हाटी ठेवली, मग सलामीच्या फैरी झडल्या. मी ओंडका काखेत धरून सावधान उभा होतो. नंतर तो आपणहून माझ्या गाडीत जाऊन बसला.

पंचनामा तिथंच ओट्यावर लिहिला. मुद्देमाल हजर करणारी म्हणून त्या आईची सही हवी होती, आणि ती मागायची मला हिंमत होईना. तिनंच कागद ओढून घेतला. घडी केलेला तिरंगा छातीशी धरून सावकाश सही केली आणि विचारलं, "सारं खरं लिहलं ना?"

मी हो म्हणालो.

केस लागली, ओंडका मालकाला परत गेला. लोक म्हणतात, कधीकधी कायदा बाजूला ठेवावा लागतो. असेल. पण मी कायदा त्या जवानासाठी बाजूला ठेवत नव्हतो, मला बरं वाटावं म्हणून ठेवत होतो. दुसऱ्याच्या दुःखात मेहेरबानी करायला निघालात तर आधी त्याला विचारा. मी विचारलं नव्हतं. ती माउली उठून आली नसती तर तिच्या पोराबरोबर माझं खोटंही जळालं असतं, आणि ते मी आयुष्यभर पुण्य म्हणून सांगत फिरलो असतो.