उलट्या डोक्याचा पक्षी आणि चार दिवसांची ओल

मी तिसरीपर्यंत शिकलो. तिसरीत मास्तरांशी भांडण झालं. त्यात मीच बरोबर होतो, पण शाळा त्यांची होती. म्हणून लिहिण्यात वाकडंतिकडं काही आलं तर चालवून घ्या. पाहण्यात मात्र मी कधी चुकलो नाही. निदान आजवर असंच समजत आलो.

आमचं गाव लोणारच्या तळ्यापासून दोन कोसांवर. तळं खोल खड्ड्यात, वरच्या काठावरून पाण्यापर्यंत मोठा उतार. दसऱ्याच्या आगेमागे परीट पक्षी येतो. चिमणीपेक्षा जरासा लांब, शेपटी सारखी वरखाली आपटत चालतो, धुणं धुतल्यासारखी. तो आला म्हणजे ऊन उतरलं, आता हरभरा पेरायचा, ही आमच्याकडची रीत. गावात तो उशिरा दिसतो, तळ्याच्या काठाला चार दिवस आधी. बाकीचं गाव थांबायचं. आमच्या घरी मात्र मी रोज सकाळी तळ्यात उतरून पाहून यायचो, आणि मी "आले" म्हटलं की दुसऱ्या दिवशी थोरल्या भावाची, दादाची, तिफन पेरणीला निघायची. कोरडवाहू काळ्या जमिनीत चार दिवसांची ओल म्हणजे काय, हे ज्याला माहीत त्याला माहीत. माझ्या एका शब्दावर तिफन निघते, याचा मला ताठा होता. असणारच.

महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. मी खाली उतरलो. चिखलावर दोन परीट फिरत होते. काम झालं होतं, वळायला हवं होतं. तेवढ्यात त्यांच्या मागे, उथळ खाऱ्या पाण्यात, तो दिसला.

बगळा म्हणावं तर बगळ्याच्या दुप्पट. पाय काठीसारखे आणि गुलाबी. अंग पांढरं, पंखाच्या कडेला लाली. चोच मधेच मोडून खाली वळल्यासारखी. आणि तो डोकं पार उलटं करून, टाळू चिखलाकडे धरून, पाणी चाळत होता. मी दगडावर बसलो. किती वेळ बसलो ते सांगता येत नाही. कधी वाटतं सूर्य नुकता वर आला होता, त्याचीच लाली पंखावर असेल. पण मग पाठीला ऊन लागत होतं हेही आठवतं. दोन्ही कसं खरं असेल?

घरी आलो आणि चूक केली. आधी परीट सांगायचे, मग तो पक्षी. मी आधी पक्षी सांगितला.

वहिनी भाकर थापत होती. म्हणाली, "भावजी, डोकं उलटं करून पाणी पिते तं झोपते कसा? पाय वर करून?"

पारावर तर विचारू नका. "काय बे, आज म्हैस उडताना दिसली का?" असं रोज कोणीतरी म्हणायचं.

दादा हसला नाही. त्याने बियाण्याच्या पोत्याचं तोंड परत बांधलं. म्हणाला, "ज्या तोंडानं उलट्या डोक्याचा पक्षी सांगतं, त्याच तोंडानं परीट आले म्हणतं. मी बियाणं कोणत्या भरोशावर टाकू?"

"चाल मंग," मी म्हणालो. "तुह्या डोळ्यानं पाह्य."

दुसऱ्या दिवशी बैलगाडीने गेलो. दादाचा एक पाय लहानपणापासून अधू, त्याला तळ्याचा उतार झेपत नसे. तो वर काठावर गाडीपाशी थांबला. तिथून खालची म्हैसही मुंगीएवढी दिसते, परीट कुठून दिसणार? मी उतरलो. परीट आठ मोजले. तो पक्षी नव्हता. गुडघाभर चिखलात इकडून तिकडे फिरलो. नव्हता.

वर आलो तेव्हा दादा बैलाच्या मानेवरून हात फिरवत होता.

"हाय का?"

"परीट हायेत. आठ."

"मी त्या पक्ष्याचं विचारून राह्यलो."

"तो आज नाही."

"मंग म्हण एकदा, दादा, मले भास झाला. उद्या तिफन काढतो."

"भास नाही झाला."

"बगळा होता म्हण."

"बगळा नव्हता."

"लेका, येवढ्यानं तुही जीभ झिजते का?"

"झिजते."

तिफन निघाली नाही. चार दिवस गेले. दुपारचा वारा कोरडा वाहत होता. मी रोज शेताच्या धुऱ्यावर जाऊन माती उकरून पाहायचो. पहिल्या दिवशी बोटभर खाली ओल होती, चौथ्या दिवशी वीतभर खाली गेली. मग परीट आमच्याच विहिरीवर आले, सगळ्यांनी पाहिले, आणि पेरणी झाली. हरभरा जागोजाग विरळ उगवला. दादा मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. मलाही त्याला बोलता आलं असतं.

बरीच वर्षं गेली. पुतणीचा नवरा दिवाळीला आला होता. पंगतीत पाखरांचा विषय निघाला, तर दादा म्हणतो, "आमच्या तळ्यावर एकदा असा पक्षी आलता, डोकं उलटं करून खाये. आम्ही दोघांनं पाह्यला."

माझा घास हातातच राहिला. "दोघांनं? तू तं वर होता."

"वरूनच पाह्यला. तू या काठाले शोधत होता, तो त्या काठाले, बाभळीमागं."

"मंग तवाच काऊन नाही सांगितलं?"

"तू कधी चुकलो म्हणतं का, ते पाह्यत होतो."

जावई हसला. वहिनी म्हणाली, "भावजी, भात थंडा होऊन राह्यला." मी जेवलो. काय जेवलो ते माहीत नाही.

तेव्हापासून हा गुंता सुटत नाही. दादाने खरंच पाहिला असेल, तर माझं खरं. पण मग एका शब्दासाठी त्याने शेताची चार दिवसांची ओल घालवली. असा माणूस तो नव्हता. आणि पाहिला नसेल, तर पाहुण्यासमोर माझी लाज राखायला खोटं बोलला. मग मला साक्षीदारच उरत नाही. त्याला पुन्हा विचारता आलं असतं, पण विचारणं म्हणजे मलाच शंका आहे असं झालं असतं. मी विचारलं नाही. आता तो नाही.

यंदा दसऱ्यानंतर मुलाच्या गाडीवर बसून तळ्यावर गेलो. आता माझेही गुडघे उतरू देत नाहीत. दादाची गाडी उभी होती तिथंच काठावर उभा राहिलो.

मुलाने विचारलं, "बाबा, परीट आले का?"

"येवढ्या वरून काय दिसते?" मी म्हणालो.

म्हणालो आणि तिथंच अडलो. कारण पलीकडच्या काठाला, बाभळीमागं, पांढरं काहीतरी मला दिसत होतं.