अंतराय

"अंतराय झाला गं," म्हणत आक्का ताट हलकेच पुढे सरकवत आणि हात धुवायला उठत. आवाजात तक्रार नसे. उलट शाळेला सुट्टी मिळालेल्या पोरीसारखी सुटका असे.

अन्नात केस निघाला की जेवण तिथेच थांबवायचं, हा जैनांतला अंतराय. मुळात तो मुनींचा नियम. बोरगावच्या आमच्या गल्लीतल्या बस्तीचे, म्हणजे जैन मंदिराचे, उपाध्ये म्हणालेही, "संसारी माणसाला एवढं कडक नसतंय, आक्का."

"मला हाय," आक्का म्हणाल्या.

लढाईचे दिवस होते. माझे यजमान शाळेत मास्तर, आणि आम्ही आक्कांच्याच घरात मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. गावाला रेशनची किडकी ज्वारी, आणि आक्कांकडे तुपाचे डबे. अशा घरची मालकीण दिवसेंदिवस वाळत चालली होती. खापर फुटे ते सैपाकिणींवर. पहिली गेली. दुसरी डोक्याला फडकं बांधून रांधायची, तीही गेली. तिसरी जवळजवळ टकलीच मिळाली, तेव्हा घर निर्धास्त झालं. पहिल्याच दिवशी भातात वीतभर काळाभोर केस निघाला. तुम्ही असता तर तुम्हीही हसला असता. मी हसले, आणि मग मला भीती वाटली.

"केस तुमचाच हाय न्हवं, आक्का?" दुपारी मी विचारलं.

त्यांनी आधी दाराकडे बघितलं. मग म्हणाल्या, "भूक लागती गं. पर घास उचलला की भ्या वाटतंय."

"कशाचं?"

"त्येच कळंना झालंय. कुणाला सांगू नगंस."

"तुमी जेवला तर न्हाय सांगत."

तेव्हापासून मी माझं ताट घेऊन त्यांच्या शेजारी बसू लागले. मी दुसरीकडे बघत बडबडायचं, त्यांनी जेवायचं. चार घासांची हळूहळू अर्धी भाकरी झाली. एकदा त्यांनी आपणहून आमटी मागून घेतली, तेव्हा मला रडूच आलं. आता आक्का बऱ्या होणार, असं मी धरून चालले.

भाद्रपदात जैनांचं उपवासांचं पर्युषण पर्व आलं. आक्कांनी उपवास धरला आणि घरादाराला आनंद झाला. कालपर्यंत जिला सगळे खोडीची म्हणत, ती तपस्विनी ठरली. मी शब्द मोडला आणि त्यांच्या मालकांना, अण्णांना, सगळं सांगितलं. "ह्यो उपास न्हवं, अण्णा. आजार हाय."

अण्णांनी मलाच हात जोडले. "मास्तरीणबाई, आमच्या घराण्याचं पुण्य हाय. त्याला नख लावू नगा."

उपवास सुटायचा दिवस आला, पण आक्कांच्या घशाखाली काही उतरेना. त्या पुन्हा जेवल्याच नाहीत. दिवाळीआधी गेल्या.

मला त्या पारण्याच्या दिवशीच्या आक्का दिसतात. त्यांना भिंतीला टेकवून पाटावर बसवलं होतं आणि गावच्या बायका रांगेने पाया पडत होत्या. माझी पाळी आली तशी त्यांनी पदराआडून माझा हात धरला.

"तू तरी पडू नगंस गं."

मागे रांग खोळंबली होती. मी वाकले आणि पाया पडले.